गर्जे सरांचा पुतळा आणि तिसरी खोली

पुण्याहून निघताना पहिलं भांडण सीटबेल्टवरून झालं. माझ्या वर्गमित्राच्या, मिलिंदच्या गाडीत मागच्या सीटवर आमच्या गर्जे सरांचा अर्धपुतळा ठेवला होता. फायबरचा, वरून पितळी रंग मारलेला. मागे कुणीतरी बेल्ट न लावता बसलंय असं गाडीला वाटायचं आणि ती सारखी टुंग टुंग वाजायची. मिलिंद म्हणाला, "नीता, लाव ना बेल्ट सरांना." मी म्हटलं, "हे सर नाहीत." हे मी रागाने म्हटलं असलं तरी खरंच होतं. सरांचा चेहरा लांबट, गाल बसलेले, डावा डोळा जरासा बारीक. हा गृहस्थ गुबगुबीत आणि करारी होता आणि निवडणुकीला उभा राहिल्यासारखा समोर बघत होता. वाघोली येईपर्यंत टुंग टुंग ऐकली. मग मीच उतरले आणि त्याच्या छातीवरून पट्टा ओढून लावला.

गर्जे सरांनी आम्हाला पुण्याच्या कॉलेजात वास्तुकला शिकवली. आडनाव गर्जे आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्यांना पुढे येऊन बसावं लागे. निवृत्तीनंतर ते बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी, शिरूर कासारच्या आतल्या बाजूला, पत्नीबरोबर, म्हणजे आमच्या काकूंबरोबर राहायला गेले. मागच्या वर्षी तिथेच वारले. आमच्या बॅचचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर आधी खूप रडणं झालं, मग आठवणी झाल्या आणि मग गावच्या चौकात सरांचा पुतळा बसवायचं ठरलं. घर उन्हाच्या कोणत्या बाजूला उघडावं हे ज्या माणसाने दोन पिढ्यांना शिकवलं, त्याच्या पन्नास विद्यार्थ्यांना पुतळ्यापलीकडे काही सुचू नये याचा मला संताप आला होता. तसं ग्रुपवर लिहिलंही. त्यावर तीन हात जोडलेली चित्रं आली. पोचवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण "तू सरांची लाडकी होतीस".

लाडकी! त्याबद्दल पुढे लिहिते.

नगर सोडल्यावर

मिलिंदबरोबर प्रवास करायचा म्हणजे दर वीस किलोमीटरला थांबायची तयारी ठेवायची. त्याला झाडाचा फोटो हवा, पाटीचा फोटो हवा, चहाच्या कपातल्या वाफेचा फोटो हवा. पाथर्डीच्या वाटेवर एका साखर कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांचा तळ लागला. शंभरेक कोप्या असतील. बांबूच्या कामट्या वाकवून जमिनीत रोवलेल्या, वर चटया आणि उसाचं पाचट, त्यावर निळं प्लास्टिक. मिलिंदने करकचून ब्रेक मारला.

मी गाडीतच बसणार होते. पण एका कोपीचं दार बघितलं आणि उतरले. दार म्हणजे एक भोक, कंबरेइतकं उंच, आणि चटईचं टोक आत दुमडून दोन कामट्यांमध्ये अडकवलेलं. ही दुमड माझ्या ओळखीची होती. पहिल्या वर्षाला सर आम्हाला कॉलेजच्या मैदानात बांबू आणि वाळका पाला देऊन सांगायचे, "आज दिवसभरात असा निवारा करा, की त्यात एक अख्खं कुटुंब झोपेल." चटई अशीच दुमडायला शिकवायचे. संध्याकाळी स्वतः आत जाऊन आडवे व्हायचे आणि आतून हळू आवाजात विचारायचे, "माझे पाय बाहेर येतायत. आता आई कुठं झोपेल?" आम्ही हसायचो. सरांनी हे कुठल्यातरी जपानी पुस्तकातून उचललंय अशी आमची समजूत होती.

तेवढ्यात कोपीतून एक बाई बाहेर आली. हातात पिठाने भरलेली परात. मिलिंदचा कॅमेरा बघून तिने त्याला नीट न्याहाळलं.

"फोटू कावून काढताय?"

"सहज हो, ताई. छान आहे म्हणून."

"छान हाय?" ती म्हणाली. "मग ऱ्हावा की चार म्हैने. आमी तुमच्यात जाऊन ऱ्हातो."

मिलिंदचा कॅमेरा खाली आला. तिची नजर गाडीत गेली. "ह्ये कोन बसल्यात? उतरवा की त्यान्लाबी, च्या घेतील."

मी म्हटलं, "ते आमचे सर. पुतळा आहे."

"आसं होय," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. आम्ही काय म्हणून निघालोय हे तिला सांगावं असं मला वाटलंच नाही. पुढे शिरूरपर्यंत मिलिंद एकदाही थांबला नाही. एवढा एकच फायदा.

शिरूर कासारला चहाच्या टपरीवर मात्र पाचजण गाडीभोवती जमले. "कोन्त्या पक्षाचे?" एकाने विचारलं. शिक्षक होते असं सांगितल्यावर गर्दी पांगली. चहा इतका गोड होता की चमचा उभा राहावा. पुण्यात साखर वेगळी मागावी लागते, इथे ती कमी घाला म्हटलं तर टपरीवाल्याला अपमान वाटतो. "साखरंला काय तोटा हाय व्हय आमच्याकडं? तोडायला आमीच जातो," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. त्या तालुक्यात ऊस फारसा नाही, पण तोडणारे हात तिथलेच.

पुढचा अकरा किलोमीटरचा रस्ता आम्ही सव्वा तासात केला. तो रस्ता आहे असं ज्याने कागदावर लिहिलं त्याला एकदा त्यावरून फिरवून आणलं पाहिजे.

सरांच्या गावी

गाव निम्मं रिकामं होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. घराघरांना कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं. वेशीजवळच आप्पा आमची वाट बघत उभे होते. गावच्या सरपंच त्यांच्या पत्नी, पण सरपंचांचा फोन आप्पाच उचलतात. त्यांनी आम्हाला थेट चौकात नेलं. तिथे चौथरा तयार होता. काळ्या फरशीवर सोनेरी अक्षरं कोरून झाली होती. मी वाचलं. वर एका पुढाऱ्याचं नाव, त्याखाली आप्पांचं, त्याखाली सरपंचबाईंचं आणि सगळ्यात खाली, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात, सरांचं.

"कसं झालंय, मॅडम?" आप्पांनी विचारलं.

"सरांचं नाव शोधावं लागतंय," मी म्हटलं.

"न्हाई न्हाई, त्याच्या वर पुतळाच ऱ्हानार की. मानूस दिसल्यावर नाव कशाला लागतंय?"

त्यांनी मग शेतात हुरडा खायला नेलंच. आता सांगायला हवं की हुरडा अप्रतिम होता. पुण्याजवळ आम्ही हुरडा पार्टीला जातो तेव्हा बैलगाडीची चक्कर, कठपुतळ्या, फेटे असं बरंच काही असतं आणि हुरडा मूठभर. इथे शेणाच्या गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं एक म्हातारा तळहातावर चोळून गरमगरम समोर टाकत होता, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. मी रागातच खात होते, पण पुष्कळ खाल्ला. मिलिंदने तर इतका खाल्ला की पुढचे दोन दिवस तो फक्त ताक पीत होता आणि कण्हत होता.

काकूंच्या घरी पोचेपर्यंत चार वाजले. घर गावाच्या टोकाला. दगडी जोत्यावर दोन खोल्या, पुढे लांब पडवी, वर पत्रा आणि पत्र्याखाली तुराट्यांचा जाड थर, आत ऊन उतरू नये म्हणून. शेजारी तिसऱ्या खोलीचा खणलेला पाया, त्यात गवत वाढलेलं. आणि पडवीत मुली. मी मोजल्या. चौदा. कुणी वेण्या घालतेय, कुणी पाढे म्हणतेय, कुणी भांडतेय.

काकू बाहेर आल्या. पुण्यात बघितल्या होत्या त्यापेक्षा बारीक झाल्या होत्या. मिलिंदने आणि आप्पांच्या माणसाने पुतळा उचलून पडवीत आणला, वरचं फडकं काढलं. काकू जवळ गेल्या. पदराने त्याच्या नाकावरची धूळ पुसली. मग मागे सरकून बघितलं.

"ह्ये कोन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काकू, सर आहेत हे. चुकलंय जरा."

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "मानसं चांगली हायत तुमी, इतक्या लांब आनलंत. पन चौकात नका ठिवू." आप्पा काही बोलायला लागले तसा त्यांनी हात वर केला. "आप्पा, ते कधी चौकात थांबले का? सुट्टी झाली की घरी. सगळा जल्म तसाच गेला त्यांचा. आता मेल्यावर कावून बाहेर उभं करता?"

आप्पांचा चेहरा पडला. चौथरा बांधून झालेला, पुढाऱ्याची तारीख घेतलेली. "आवो वहिनी, पन..." म्हणत त्यांनी अर्धा तास घालवला. काकू तोपर्यंत आत जाऊन पीठ मळायला बसल्या होत्या.

दुसरा दिवस

काकूंच्या त्या वाक्याने मला राग यायला नको होता, पण आला. कारण "सुट्टी झाली की घरी" हे आम्हा विद्यार्थ्यांइतकं कुणी सोसलं नसेल. इतर मास्तर रात्री आठपर्यंत स्टुडिओत बसत. गर्जे सर साडेपाचला हातातली पेन्सिल ठेवून उठायचे, मग तुमचं ड्रॉइंग अर्धं असो की पाऊण. "मुली वाट बघत असतील." आपल्या दोन्ही मुलींच्या वेण्या तेच घालायचे. एकदा माझ्या नकाशावर शेरा लिहायला त्यांनी खिशात हात घातला आणि पेनाऐवजी लाल रिबन निघाली. सगळा वर्ग लोळला. सरही हसले, रिबन घडी करून परत खिशात ठेवली.

आणि मग शेवटच्या वर्षाची ज्युरी. वर्षभराचं काम बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभं राहून मांडायचं, त्याला आम्ही ज्युरी म्हणतो. माझे मार्गदर्शक गर्जे सर. माझा विषय होता एका एसटी स्टँडचा, सरांच्याच सांगण्यावरून वेगळ्या पद्धतीने मांडलेला. सर आलेच नाहीत. घरचं काम निघालं असा निरोप होता. परीक्षकांनी माझं काम पाऊण तास फाडलं आणि माझ्या बाजूने बोलायला खोलीत कुणी नव्हतं. मी जेमतेम पास झाले. सर दोन महिन्यांनी दिसले तेव्हा "चुकलं माझं" एवढंच म्हणाले. कारण सांगितलं नाही. पुढे माझ्या लग्नाला सगळ्या कुटुंबाला घेऊन आले, पंगतीत वाढायलाही लागले. मीही पुन्हा विचारलं नाही. पण एकतीस वर्षं ते माझ्या घशात अडकलेलं आहे.

दुपारी मुली शाळेत होत्या. मिलिंद ताक पिऊन आडवा झालेला. काकू येसर आमटीला फोडणी देत होत्या आणि मी शेजारी लसूण सोलत होते. मी विचारून टाकलं. त्यांनी पळी खाली ठेवली.

"त्या साली का? त्या साली सासूबाई पडल्या."

"कुठे?"

"माजलगावकडं. ऊस तोडायला गेलत्या. भरल्या गाडीवरनं खाली आल्या, खुबा मोडला. कॉलेजात फोन आला तसे हे निघाले, कपडेसुदिक न्हाई घेतले. दोन म्हैने दवाखान्यात आईपाशी होते."

"सरांच्या आई ऊस तोडायला जायच्या? सर प्राध्यापक असताना?"

"दर साली भांडन व्हायचं घरात. हे म्हनायचे, पुन्याला चला. त्या म्हनायच्या, माजे हातपाय चालतेत, मी कावून बसून खाऊ?" काकू जराशा हसल्या. "ह्येंचं सगळं ल्हानपन कोपीत गेलं. सासूबाई घटकाभरात कोपी उभी करायच्या. पन कॉलेजात कुनाला सांगितलं न्हवतं त्यांनी. लाजायचे. मंग आपन लाजलो याचीबी लाज वाटायची त्यान्ला."

मी लसूण सोलत राहिले.

"एका पोरीचं माज्यामुळं नुकसान झालं, आसं लई दिवस म्हनायचे," काकू म्हणाल्या. "ती पोरगी तुमीच व्हय?"

आता इथे मी रडले, मनातली सगळी अढी गेली, असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण मी चिडले. माणसाने सांगायला नको? एक वाक्य. आई पडली, ऊस तोडताना. मी काही तेव्हा लहान नव्हते. कालच त्या कोपीसमोर मी उभी होते, ती दुमड ओळखली होती, आणि तरी त्या बाईला एक शब्द बोलले नव्हते. सरांनी सांगितलं असतं तर... असं काकूंना म्हणत गेले आणि मध्येच थांबले. बाविसाव्या वर्षी मला ते कळलं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक त्यांची कीव केली असती आणि ती सगळ्या वर्गात वाटली असती. सर आम्हाला चांगले ओळखून होते.

काकूंनी माझ्या पुढ्यातला लसूण उचलून खलबत्त्यात टाकला. "दोन येळा सोलताय त्योच," त्या म्हणाल्या.

मुलींची हकीकत मग ओघानेच आली. गावी परतल्यावर पहिल्या हंगामात सरांच्या पुतण्याच्या दोन मुली इथे राहिल्या, आईबापांबरोबर तळावर जाऊन शाळा बुडायला नको म्हणून. दुसऱ्या वर्षी पाच. आता चौदा. दोन खोल्यांत दहा मावतात, चौघी पडवीत झोपतात, थंडीत, कुडकुडत. तिसऱ्या खोलीचा पाया सरांनी खणून घेतला आणि पंधरा दिवसांत गेले.

"पुतळा चांगला हाय," काकू म्हणाल्या. "पन खोली पायजे होती."

मी तिथूनच ग्रुपवर फोन लावला. सातजण जोडले गेले, त्यातल्या तिघांना ऐकू येत नव्हतं. एकजण म्हणाला, उद्घाटनाचं कळवलंय सगळ्यांना. एकजण म्हणाली, पुतळा कायम राहतो, खोलीचं काय? मी पडवीत उभी राहून ओरडत होते आणि समोरच्या ओट्यावरचे दोन म्हातारे कौतुकाने ऐकत होते. शेवटी मिलिंदने पोट धरून उठत माझ्या हातातला फोन घेतला. "पुतळा मी परत आणतोय," तो म्हणाला. "तो सरांसारखा नाहीच दिसत. आणि इथे चार मुली बाहेर झोपतात. ज्याला पुतळा हवा त्याने माझ्या ऑफिसात येऊन बघावा." फोन बंद केला आणि पुन्हा ताक मागितलं. त्या क्षणापुरतं मी त्याचे सगळे फोटो माफ केले.

आप्पांची समजूत घालायला संध्याकाळ गेली. खोलीच्या भिंतीवर नावांची फरशी लावू, असं आम्हाला कबूल करावं लागलं. नावांचा क्रम मी लिहून देणार, असंही ठरलं. ते आप्पांना आणि मला, दोघांनाही फारसं आवडलं नाही.

तिसरा दिवस, सकाळी

गवत उपटून पाया मोकळा केला. आप्पांनीच एक गवंडी पाठवला, दोरी आणि फक्की घेऊन. मी रात्री वहीच्या पानावर नकाशा काढून ठेवला होता. फक्कीची पांढरी रेघ मारत आखणी सुरू केली. खोली लांबट, दार पूर्वेला, समोरासमोर खिडक्या, वारा आरपार. मला स्वतःवर बरंच खूश व्हायला झालं होतं.

काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "दार तिकडं नको."

"का?"

"हिकडं पायजे. माज्या खोलीकडं."

"काकू, इकडे दार घेतलं की वारा अडतो. उन्हाळ्यात भट्टी होईल."

"पन हिकडंच पायजे."

मी थकले होते. तीन दिवस रस्ता, आप्पा, ग्रुप, मिलिंदचं पोट. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, तीस वर्षं मी हेच काम करते हो."

"करत आसाल की," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन रातीला एखादी उठली, भ्याली, तर तिनं कुनाला हाक मारायची? दार मला खाटंवरनं दिसलं पायजे."

गवंडी माझ्याकडे बघायला लागला. मी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं, काकूंच्या खोलीत गेले आणि त्यांच्या खाटेवर सरळ आडवी झाले. मान वळवून बघितलं. पूर्वेचं दार तिथून दिसत नव्हतं. नुसती भिंत दिसली असती.

बाहेर आले आणि रेघ पायाने पुसली. दार काकूंच्या बाजूला घेतलं. वाऱ्यासाठी मग पत्र्याखाली दोन झरोके काढावे लागले, खिडकी सरकवावी लागली, आणि त्या सगळ्यात दुपार झाली. मुली शाळेतून आल्या त्या थेट पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन बसल्या आणि कुणाची जागा कुठली यावरून मारामारी सुरू झाली. सगळ्यांना दाराजवळची हवी होती.

आम्ही निघालो तेव्हा मागच्या सीटवर पुतळा होताच. या वेळी मिलिंदनेच पट्टा लावला.

खोली पावसाळ्याआधी पुरी झाली. ग्रुपवर फोटो आले तेव्हा ज्यांनी सगळ्यात जास्त वाद घातला होता त्यांनीच सगळ्यात जास्त टाळ्या पाठवल्या. आता या हंगामाला सोळा मुली आहेत. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मला वाटलं, खोली छान झाली म्हणतील.

"खिडकी लई उंच केलीय तुमी," त्या म्हणाल्या. "ल्हान्या पोरीला बाहेरचं काईच दिसत न्हाई. दिवसभर खाटंवर चढून उभी ऱ्हाती. पडंल एखांद्या दिवशी."

खिडकीची उंची मी पुस्तकात असते तशी ठेवली होती. तसं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, "केवढी आहे ती? उंचीने?"

"थांबा," काकू म्हणाल्या. फोन तसाच चालू राहिला. लांबून त्यांचा आवाज आला, "ये गं हिकडं, भितीला टेकून हुभी ऱ्हा. टाचा वर करू नको." मग हसण्याचा आवाज, मग कुणीतरी, "आज्जी, ती टाचा वर करतीय."

"तीन फूट आन् चार बोटं," काकू म्हणाल्या.

मी लिहून घेतलं.